कमी बजेटच्या हॉरर कॉमेडीचं जमतं कुठं आणि फसतं कुठं?

तुम्ही लिहिलंय की विट्याजवळच्या गावात चौघे मित्र मिळून हॉरर कॉमेडी करायची आहे, हाताशी दहा-बारा लाख आहेत, एक जुना वाडा फुकट मिळतोय, आणि 'भूत चीप दिसलं तर सगळंच बोंबलेल' ही धास्ती आहे. मी सांगलीत राहतो. छोट्या सिनेमांना, शॉर्टफिल्मना लोकेशन साउंड देतो आणि स्पर्धेच्या नाटकांना पार्श्वसंगीत वाजवतो. त्यामुळं उत्तर जरा कानाच्या बाजूनं झुकलेलं असणार, एवढं धरून चाला.

भुताची काळजी तुम्ही उगाच करताय. या प्रकारात प्रेक्षक भुताला सूट देतो, विनोदाला देत नाही. भूत हुकलं, विगची कड दिसली, तर लोक हसतात, आणि हसायलाच तर ते आलेले असतात. विनोद पडला की त्याला सावरायला कुणी येत नाही. असा एक खेळ मी बघितलाय. पडद्यावर दोघं नट जीव तोडून बडबडतायत आणि मागच्या रांगेतला एक जण फोनवर विचारतोय, उसाचं बिल कधी जमा होणार म्हणून. त्या सिनेमातली हडळ अजिबात वाईट नव्हती.

भीती स्वस्तात मिळते, कारण ती न दाखवण्यात असते. सॅम रायमीनं 1981 च्या 'द एव्हिल डेड'मध्ये कॅमेरा एका लाकडी फळीवर बसवला, दोघांनी फळीची दोन टोकं धरली आणि जंगलातून पळत सुटले. पडद्यावर ती धाव म्हणजेच भूत. मेकअप नाही, मुखवटा नाही. आपल्या शेजारचं उदाहरण हवं असेल तर 1972 चा 'दो गज़ ज़मीन के नीचे'. रामसे बंधूंनी तो महाबळेश्वरला जाऊन साधारण साडेतीन लाखांत उरकला. एक भाऊ कॅमेऱ्यावर, एक आवाजावर, एक एडिटिंगला, दोघं दिग्दर्शनाला; घरचीच माणसं, त्यामुळं पगाराचा प्रश्नच मिटला. तुम्ही चौघं आहात, तेव्हा कोण काय करणार हे आधी ठरवा. चौघंही दिग्दर्शक असाल तर मग भुताची गरजच नाही.

आणि सांगलीकर म्हणून हे सांगितल्याशिवाय राहवत नाही: विष्णुदास भाव्यांनी 1843 ला इथं 'सीता स्वयंवर' केलं. त्या धाटणीच्या नाटकांत राक्षस यायचे ते 'अललल डुर्र' अशी आरोळी ठोकत, तलवारी परजत, आणि मशालीवर राळ उडवून भपकन जाळ काढला जायचा. त्याच रंगमंचावर थोड्या वेळापूर्वी विदूषक सूत्रधाराची टिंगल करून गेलेला असायचा. म्हणजे थोडक्या खर्चात घाबरवणं आणि हसवणं एका मांडवाखाली नांदवायची सवय आपल्याकडं जुनी आहे. पुढं या नाटकांची 'अललडुर्र' म्हणून चेष्टा झाली हे खरं, पण पब्लिक राक्षस बघायला यायचंच.

आता माझ्या धंद्याची गोष्ट. हॉररला सगळ्यात जास्त परतावा देणारा खर्च म्हणजे आवाज, आणि छोट्या युनिटमध्ये पहिली कात्री लागते तीही आवाजालाच. एक युक्ती बघा. सीनच्या सुरुवातीपासून खाली रातकिडे ठेवायचे, इतके बारीक की मिनिटाभरात प्रेक्षकाला ते ऐकू येईनासे व्हावेत. मग कुणीतरी दाराकडं वळतं आणि रातकिडे एकदम बंद. दुसरं काहीही वाजवायचं नाही, ढॅण नाही, व्हायोलिन नाही. थेटरातल्या माना आपोआप वर होतात. रानात रातकिडे पावलांची चाहूल लागली की खरंच गप्प होतात; रात्री उसाला पाणी पाजायला गेलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही, त्याच्या अंगाला ते माहीत असतं. किंवा पाचटावरची पावलं घ्या. उसाचं वाळलं पाचट पोत्यात भरून आणायचं, बंद खोलीत अंथरायचं, माइक जमिनीलगत ठेवायचा आणि एका पायानं चालायचं, दुसरा नुसता ओढायचा. लंगडं भूत तयार, खर्च पोत्याचा. इंटरनेटवरून उतरवलेल्या किंकाळ्या मात्र लावू नका. त्या सगळ्यांनी सगळीकडं ऐकलेल्या आहेत.

फसतं कुठं ते आता. पहिली अडचण उजेडाची, आणि ती बहुतेकांच्या लक्षात येते ती एडिटला बसल्यावर. हॉररला अंधार लागतो, अर्धा चेहरा लागतो. विनोदाला पूर्ण चेहरा लागतो, आणि शक्यतो दोघं नट एकाच फ्रेममध्ये, कारण एकानं काडी टाकल्यावर दुसऱ्याच्या तोंडावर काय उमटतं तिथंच हशा असतो. मोठ्या बजेटमध्ये दोन्हीसाठी वेगळं लायटिंग होतं. तुमच्याकडं रात्रभरात एकच सेटअप होणार, मग कुणाला तरी मरावं लागतं. बहुतेक वेळा विनोद मरतो. यावर स्वस्त तोड म्हणजे उजेड नटाच्याच हातात द्यायचा: बॅटरी, कंदील, मोबाईलचा टॉर्च. घाबरलेला माणूस आपल्याच तोंडावर उजेड पाडून घेतो हे दिसायलाही गमतीचं असतं, आणि मागचा वाडा फुकटात अंधारात जातो.

दुसरी अडचण वेळेची. भीतीचा सीन दोन टेकमध्ये होऊ शकतो. विनोदाचा होत नाही, तो आधी मुरावा लागतो. तमाशातली बतावणी ऐकताना वाटतं की सगळं आत्ताच सुचतंय, पण ती शेकडो रात्री घासलेली असते. आमच्या कवलापूरचे काळू-बाळू आठवा, समोरच्याचं वाक्य कुठं तोडायचं हे त्यांच्या हाडात होतं. स्वस्त सिनेमात नट संध्याकाळी एसटीनं येतो, स्क्रिप्ट चहा पिता पिता वाचतो आणि रात्री दोनला त्यानं विनोदी असावं अशी अपेक्षा असते. रात्री दोनला कुणीही विनोदी नसतं. तेव्हा कॅमेऱ्याचं भाडं वाचवा, ड्रोन तर विसराच, पण शूटिंगच्या आधी त्याच वाड्यात, त्याच माणसांना घेऊन तालमी करा. नाटकवाल्यांना घ्या. सांगली-साताऱ्यात त्यांचा दुष्काळ नाही आणि तालमीला ते कंटाळत नाहीत, घरचे कंटाळतात.

तिसरी गोष्ट म्हणजे भूत विनोदी करायचा मोह. तो आवरा. 'झपाटलेला' 1993 चा, अजून टीव्हीवर लागला की लोक चॅनल बदलत नाहीत. त्यातला तात्या विंचू स्वतः विनोद करतोय असं वाटतच नाही. त्याला शरीर हवंय, तो गंभीर आहे, कातावलेला आहे. बाहुला एवढुसा, पण रामदास पाध्यांच्या हातात तो पूर्ण मनापासून दुष्ट आहे. हशा येतो तो लक्ष्मीकांत बेर्डेच्या घाबरण्यातून आणि त्याच्यावर कुणी विश्वास ठेवत नाही यातून. 2018 च्या 'स्त्री'चं गणितही तेच: ती खरी आहे, तिची भीती खरी आहे, बावळट आहेत ते गावातले पुरुष. भूतच फाजीलपणा करायला लागलं की त्याची भीती जाते, मग लोक त्याला बघून पळतायत कशाला, हा प्रश्न पडतो आणि हसू थांबतं.

याच्या उलट चूकही होते. रामसेंच्या 'पुराना मंदिर'मध्ये (1984) जगदीपचा 'शोले'च्या नकलेचा एक अख्खा ट्रॅक आहे, मच्छर सिंग नावाचा. मुख्य गोष्टीशी त्याचा संबंध मालगाडीला जोडलेल्या पाहुण्या डब्याइतकाच. तेव्हा ते चालून गेलं. आज वीस मिनिटं भूत, मग दहा मिनिटं सरपंच आणि त्याचा बोबडा चमचा, असं केलंत तर लोक मोबाईल काढतील. बोबडेपणा, जाडेपणा, साडी नेसलेला पुरुष, यावरच सगळी भिस्त ठेवणं हा तर आळस आहे, आणि आपल्याकडच्या स्वस्त सिनेमांत तो भरपूर असतो. भूत म्हटलं की पांढऱ्या साडीतली बाईच, हाही त्यातलाच प्रकार. आपल्याकडं मुंजा आहे, खवीस आहे, झोटिंग, वेताळ, पाण्यातला गिऱ्हा, वाट चुकवणारा चकवा. चकव्याला तर मेकअपही लागत नाही! शेतीपंपाची लाईट रात्रीची आहे, दोघं भाऊ मोटर चालू करायला निघालेत, बांधाच्या वादावरून बोलाचाली बंद आहे, आणि पुन्हा पुन्हा त्याच बांधावर येतायत. घ्या, ही कल्पना फुकट.

मांत्रिकाबद्दल मात्र माझं मत ठाम आहे. सिनेमात भूत खरं असायला माझी हरकत नाही, मांत्रिक खरा असायला आहे. नरेंद्र दाभोलकर साताऱ्याचे. 2013 ला त्यांचा खून झाला आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा आला. त्यांच्या भागात सिनेमा करताना लिंबू-मिरचीनं सगळं सुटतं असं शेवटी दाखवणं मला जमणार नाही. उलट, अंधश्रद्धा निर्मूलनवाले गावोगाव करून दाखवतात त्या 'चमत्कारां'त तुमचा स्वस्त इफेक्ट विभाग तयार पडलाय. सुरीच्या पात्याला मिथाइल ऑरेंजचं द्रावण लावून वाळवायचं आणि लिंबू कापायचं, आम्लामुळं रस लाल होतो, 'रक्त' निघतं. होमात पोटॅशियम परमँगनेटची पूड आधीच ठेवायची आणि तूप म्हणून ग्लिसरीन सोडायचं, थोड्या वेळानं जाळ आपोआप उठतो. कट न घेता, एका शॉटमध्ये, कॅमेऱ्यासमोर. तो जाळ लगेच येत नाही, आणि त्या मधल्या वेळात मांत्रिकाचं तोंड बघायचं, विनोद तिथं आहे. वाळूची बादली तेवढी जवळ ठेवा, आणि वाड्याच्या लाकडी माडीवर हा प्रयोग करू नका.

स्वस्त कॉम्प्युटर ग्राफिक्सच्या वाटेला जाऊ नका. 'मुंज्या' 2024 ला चालला म्हणून प्रत्येकाला कॉम्प्युटरवरचं भूत हवंय, पण त्यामागचा पैसा तुमच्याकडं नाही. रबरी मुखवटा खोटा दिसला तर लोक प्रेमानं हसतात. खोटं ग्राफिक्स दिसलं तर नुसता कंटाळा येतो. आणि काळी मांजर! प्रत्येकाला ती हवीच असते. थेटरात लावायचा असेल तर प्राणी वापरण्याआधी प्राणी कल्याण मंडळाची परवानगी लागते, नाहीतर सेन्सॉरला अडतं. घुबड तर वन्यजीव कायद्यात येतं, त्याच्या नादी लागूच नका. दोघांचाही नुसता आवाज वापरा.

थेटरचं म्हणाल तर फार आशा धरू नका. मराठीतल्या मोठ्या नावांनाच शो मिळताना मारामार होते. जत्रेतल्या तंबूत हा माल हमखास खपला असता, पण ते दिवस सरत आले.

गरिबी लपवायची नसेल तर ती कथेतच घ्या. 2017 चा 'वन कट ऑफ द डेड' हा जपानी सिनेमा चौघांनी मिळून बघा. बजेट 30 लाख येन, म्हणजे तेव्हाच्या भावानं आपल्या वीस लाखांच्या आत. पहिली 37 मिनिटं एकच सलग शॉट, आणि तो इतका गचाळ वाटतो की बंद करावासा वाटतो. करू नका. पुढचं मी सांगत नाही, पण त्यातली एकेक चूक पुढं वसूल होते, आणि दिग्दर्शकानं विनोदावर किती तालीम घेतली असेल ते कळतं.

शूटिंग डिसेंबर-जानेवारीत धरा, अंधार लवकर पडतो आणि उशिरा फटफटतं. फक्त तेव्हा कारखान्यांचा हंगाम ऐन भरात असतो. भूत जिन्यावरून उतरायला आणि डबल ट्रॉलीचा ट्रॅक्टर डेक फुल्ल लावून रस्त्यानं जायला एकच गाठ पडते, आणि त्यानंतर पंधरा मिनिटं ट्रॅक्टरची रांगच असते. वाडा उसाच्या रस्त्यापासून किती लांब आहे? एकदा रात्री अकरानंतर तिथं जा, कुणी बोलायचं नाही, आणि मोबाईलवर दहा मिनिटं नुसतं रेकॉर्डिंग करून मला पाठवा. ऐकून सांगतो, तिथं लाइव्ह साउंड निघेल की डबिंगचे पैसे आत्तापासूनच बाजूला काढायचे.