इंग्लंडच्या मेंटल हेल्थ वॉर्डवर नर्स म्हणून येण्याआधी

तुमचं जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालंय, जिल्हा रुग्णालयाच्या मनोविकार वॉर्डात तीन वर्षं काढली आहेत. फील्ड, म्हणजे नर्सिंगची शाखा, ॲडल्ट घ्यावी की मेंटल हेल्थ, आणि औषधांच्या कामात इथे काय वेगळं, हे तुम्ही विचारलंय.

फील्ड मेंटल हेल्थच घ्या. एनएमसीच्या, म्हणजे ब्रिटनच्या नर्सिंग कौन्सिलच्या, रजिस्टरवर ॲडल्ट, चिल्ड्रन, लर्निंग डिसॅबिलिटी आणि मेंटल हेल्थ अशी चार फील्ड आहेत, आणि ऑस्की ही प्रात्यक्षिक परीक्षा त्या-त्या फील्डची असते. एजंटने ॲडल्टचाच फॉर्म पुढे केला तर सही करण्याआधी थांबा. कारण इंग्लंड आणि वेल्समध्ये १९८३ च्या मेंटल हेल्थ ॲक्टचं कलम ५(४) आहे. स्वेच्छेने दाखल झालेला पेशंट धोक्याच्या अवस्थेत निघून जायला लागला आणि डॉक्टर लगेच येऊ शकत नसेल, तर नर्स त्याला ६ तासांपर्यंत थांबवून ठेवू शकते. हा अधिकार मेंटल हेल्थ किंवा लर्निंग डिसॅबिलिटीच्या नर्सलाच आहे. ॲडल्टची नर्स त्याच वॉर्डवर कितीही वर्षं असली तरी तिला तो नाही.

आता औषधं. रेणू तेच आहेत: हॅलोपेरिडॉल, ओलान्झापिन, लिथियम, क्लोझापिन. फरक हा की पेशंटच्या उशाशी नातेवाईक नसतो. आपल्याकडे आई सांगते, "सिस्टर, दोन दिवस याला साफ झालं नाही." इथे ते सांगणारं कुणी नाही, तुम्हालाच विचारावं लागतं.

क्लोझापिनमध्ये (इतर औषधांना दाद न देणाऱ्या स्किझोफ्रेनियावरचं औषध) हे न विचारणं जिवावर बेतू शकतं. त्याने रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटतील याला सगळे घाबरतात. ते बरोबरच आहे, म्हणून पहिले १८ आठवडे दर आठवड्याला रक्त तपासतात, आणि ताप किंवा घसा दुखला की त्याच दिवशी. पण आतडं मंदावून बंद पडण्यानेही माणसं दगावतात. त्यात लाळ गळते म्हणून हायोसिन सुरू असेल तर बद्धकोष्ठ आणखी वाढतं. म्हणून शौचाचा तक्ता रोज भरायचा. "हो, झालं" एवढ्यावर सोडू नका. कधी, किती, घट्ट की सैल, ते विचारा. पोट फुगलं, दुखतंय, उलटी होतेय, तर डॉक्टरला तेव्हाच बोलवा, सकाळच्या राउंडची वाट बघू नका.

दुसरी चूक क्लोझापिनच्या डोसमध्ये पडलेल्या खंडाची. शेवटच्या डोसला ४८ तासांहून जास्त झाले असतील तर जुना डोस देऊ नका. १२.५ मिलिग्रॅमपासून पुन्हा चढवत न्यावं लागतं, नाहीतर रक्तदाब एकदम कोसळू शकतो. म्हणून ॲडमिशनला "गोळी घेता का?" असं न विचारता "शेवटची गोळी कोणत्या दिवशी, किती वाजता?" असं विचारा. तिसरी गोष्ट सिगारेट. वॉर्डवर धूम्रपान बंद असतं. सिगारेट सुटली की क्लोझापिनची रक्तातली पातळी चढते, कारण यकृताला ते लवकर फोडायला लावणारी गोष्ट निकोटिन नसून धूर असते. निकोटिनचा पॅच लावला तरी हे टळत नाही. पेशंट अचानक सुस्त झाला, लाळ वाढली, तर आधी सिगारेटची चौकशी करा.

चवताळलेल्या पेशंटला हॅलोपेरिडॉल-प्रोमेथाझिनचं इंजेक्शन तुम्ही दिलं असेलच. इथे सुई टोचल्यावर काम सुरू होतं: नाडी, रक्तदाब, श्वास, ताप, शुद्ध हे सगळं किमान दर तासाला, आणि पेशंट गुंगीत असेल तर दर १५ मिनिटांनी. "शांत झोपलाय" ही नोंद चालत नाही. श्वास मोजून आकडा लिहा.

लिथियमची पातळी शेवटच्या डोसनंतर १२ तासांनी घेतात, म्हणजे सकाळी रक्त काढून झाल्यावरच सकाळची गोळी. अंगदुखीला आयबुप्रोफेन देऊ नका, त्याने पातळी वाढते.

आमटीत किंवा चहात गोळी मिसळण्याची सवय इथे आणूच नका. पेशंटची निर्णयक्षमता तपासून, डॉक्टर आणि फार्मासिस्टसह ठरवून, लेखी योजना झाल्याशिवाय लपवून औषध देणं म्हणजे रजिस्ट्रेशन धोक्यात घालणं.

निघण्याआधी अनुभवाच्या दाखल्यावर नुसतं "स्टाफ नर्स" न लिहिता मनोविकार वॉर्ड आणि तारखा स्पष्ट लिहून घ्या. आणि आजपासूनच केसपेपर ब्रँडच्या नावाऐवजी मूळ औषधाच्या नावाने वाचायची सवय लावा.