कायदेविषयक सल्ला : ‘माझे संगीत काढून टाका’

प्रश्न : आम्ही अकरा जण गेली सहा वर्षे सुटीच्या दिवशी आणि रात्री जागून एक व्हिडिओ गेम तयार करीत आहोत. १९९० च्या दशकात एका परदेशी कंपनीने काढलेला साहसकथेचा एक गेम आम्ही शाळेत असताना सायबर कॅफेत बसून खेळलो होतो. त्याचीच ही पुढची कथा आहे. नायिका आणि तिचे राज्य मूळ गेममधले आहे, बाकी कथा, चित्रे, संगीत आणि मराठी संवाद आमचे आहेत. आम्ही कोणाकडून एक पैसाही घेतलेला नाही. २०२२ मध्ये ठेवलेला आमचा डेमो गेल्या महिन्यात मूळ कंपनीच्या तक्रारीवरून उतरवण्यात आला. आम्ही प्रति-नोटीस (उतरवलेला मजकूर परत ठेवण्याची मागणी) पाठवावी का? सर्व्हरच्या खर्चासाठी देणग्या घेतल्या तर चालेल का? प्रकल्प सुरू करणारा मित्र आता कॅनडात असतो, सोर्स कोडचे (गेमच्या मूळ प्रोग्रॅमचे) खाते त्याच्या नावावर आहे आणि तो उत्तर देत नाही. मी स्वतः आयटी कंपनीत नोकरी करतो. नायिकेला आवाज देणारी मुलगी १६ वर्षांची आहे. शिवाय आमच्या संगीतकार मित्राशी खटका उडाला असून त्याने ‘माझे संगीत काढून टाका’ अशी तीन ओळींची मेल पाठवली आहे. पण ऑगस्ट २०१९ मध्ये त्यानेच व्हॉट्सॲपवर ‘ही ट्यून घ्या, बिनधास्त वापरा’ असे लिहिले होते. प्रकल्प वाचेल का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : आपल्या प्रश्नांचा क्रम मी मुद्दाम उलटा करते. कंपनीच्या तक्रारीने आपण धास्तावला आहात आणि संगीतकाराच्या मेलचा उल्लेख घरातले भांडण सांगावे तसा शेवटी केला आहे. माझ्या मते प्रकल्पाला अधिक मोठा धोका त्या तीन ओळींतून आहे. कंपनीचा हक्क तिची नायिका, तिची नावे आणि तिचे राज्य यांच्यावर आहे, आणि वेळ आलीच तर ते सारे बदलता येते. परंतु कोड, चित्रे आणि संगीत ज्यांनी केले त्यांची लेखी संमती आपल्यापाशी नसेल, तर बदललेला गेमही आपल्याला प्रसिद्ध करता येणार नाही आणि कंपनीने परवानगी दिली तरी ती उपयोगी पडणार नाही.

कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ नुसार कलाकृतीचा पहिला मालक तिचा निर्माता असतो, आणि या कायद्यात संगणक प्रोग्रॅमचा समावेश साहित्यकृतीत होतो. आपल्या अकरा जणांच्या गटाची कोठेही नोंदणी नाही, त्यामुळे ‘प्रकल्पाच्या मालकीचे’ असे कायद्याच्या दृष्टीने काहीही नाही. पार्श्वभूमीची चित्रे ज्याने काढली त्याची आहेत, संवाद ज्याने लिहिले त्याचे आहेत आणि संगीत आपल्या मित्राचे आहे. सहा वर्षे एकत्र खपल्यानंतर हे वाचून वाईट वाटेल याची मला कल्पना आहे, तरी सुरुवात येथूनच करावी लागेल.

आता त्या व्हॉट्सॲप संदेशाकडे वळू. कलम ३० प्रमाणे परवाना लेखी असावा लागतो. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० इलेक्ट्रॉनिक मजकुराला लेखी स्वरूपाची मान्यता देतो, म्हणून तो संदेश म्हणजे लेखी परवानाच होय असा युक्तिवाद करता येईल. अडचण त्याच्या पुढे आहे. अभिहस्तांकनासाठी, म्हणजे हक्क दुसऱ्याच्या नावे करून देण्यासाठी, कलम १९ मध्ये असलेले नियम कलम ३० अ मुळे परवान्यालाही लागू होतात, आणि त्या नियमांप्रमाणे मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते. म्हणजे ऑगस्ट २०१९ चा परवाना ऑगस्ट २०२४ मध्ये संपला. प्रदेश लिहिलेला नसेल तर परवाना भारतापुरता मानला जातो. आपला डेमो मात्र जगात कोठूनही उतरवून घेता येत होता. तिसरा नियम तर वर्षानुवर्षे रेंगाळणाऱ्या हौशी प्रकल्पांच्या मुळावरच येतो : मिळालेला हक्क एका वर्षाच्या आत वापरला नाही, तर वेगळे काही लिहून ठेवले नसल्यास तो संपुष्टात आला असे समजले जाते. आपला डेमो २०२२ मध्ये आला. तेव्हा परवाना ऑगस्ट २०२० मध्येच संपला होता, असे आपल्या मित्राचा वकील म्हणू शकतो.

आपल्या बाजूने बोलण्यासारखेही काही आहे. डेमो आल्यावर मित्राने हरकत घेतली नाही, श्रेयनामावलीत स्वतःचे नाव राहू दिले आणि त्यानंतर संगीतात दुरुस्त्या करून दिल्या असतील तर त्यावरून त्याची संमती दिसते. हा मुद्दा न्यायालयात मांडता येईल. पण अकरा मित्रांच्या प्रकल्पाने तो मांडण्यासाठी न्यायालयात जावे असे मी सुचवणार नाही. त्याचे संगीत असलेली प्रत तूर्त कोणालाही देऊ नका, ‘मेल मिळाली, संगीत वापरणे थांबवले आहे’ एवढे त्याला लेखी कळवा आणि मग प्रत्यक्ष भेटा. तो राजी झाला तर पुढील आशयाच्या कागदावर त्याची सही घ्या :

‘सोबतच्या यादीतील संगीतरचना मी स्वतः केलेल्या आहेत. त्या या गेममध्ये आणि त्याच्या पुढील आवृत्त्यांमध्ये, गेमचे नाव किंवा पात्रे बदलली तरीही, वापरण्याचा, त्यात तांत्रिक फेरफार करण्याचा आणि त्या लोकांपर्यंत पोहोचवण्याचा, अनन्य नसलेला (म्हणजे इतरांनाही देता येईल असा) व मागे न घेता येणारा परवाना मी संपूर्ण जगासाठी आणि कॉपीराइटच्या पूर्ण मुदतीसाठी देत आहे. एका वर्षात वापर झाला नाही तरी हा परवाना संपणार नाही. मोबदला म्हणून मला १०१ रुपये मिळाले असून श्रेयनामावलीत माझे नाव देणे बंधनकारक राहील.’

१०१ रुपयांची रक्कम शोभेसाठी घातलेली नाही. मोबदल्याशिवाय केलेला करार, काही अपवाद सोडले तर, करार कायद्याच्या कलम २५ प्रमाणे रद्दबातल ठरतो, म्हणून ती रक्कम खरोखर द्या आणि पावती ठेवा. श्रेयाचा उल्लेखही औपचारिक नाही, कारण आपल्या कृतीचे कर्तेपण सांगण्याचा आणि आपल्या लौकिकाला बाधा आणणाऱ्या मोडतोडीस हरकत घेण्याचा निर्मात्याचा अधिकार कॉपीराइट कायद्याच्या कलम ५७ ने हक्क विकल्यानंतरही राखून ठेवला आहे. मालकीच लिहून घ्यावी असे काही वकील सुचवतील. फुकट राबलेल्या माणसाकडून त्याच्या कामाची मालकी काढून घेणे मला अन्यायाचे वाटते, आणि आपल्या गरजेला परवाना पुरेसा आहे. तो राजी झाला नाही तर संगीत नव्याने करून घ्या. मात्र जुन्या चाली ओळखू येतील अशी नक्कल नको.

असाच कागद उरलेल्या सर्वांकडून घ्या. त्यासाठी आधी एक तक्ता तयार करा आणि त्यात प्रत्येक फाइलचे नाव, ती कोणी केली, केव्हा केली आणि परवाना मिळाला की नाही, अशा नोंदी करा. पक्ष्यांचा आवाज, दार करकरल्याचा आवाज, फॉन्ट अशा किरकोळ गोष्टी कोणी कोठून उचलल्या हे त्या तक्त्यात बहुधा पहिल्यांदाच उजेडात येईल.

कॅनडातील मित्राच्या बाबतीत, सोर्स कोडची सर्व नोंदींच्या इतिहासासह पूर्ण प्रत आजच दोन वेगवेगळ्या ठिकाणी उतरवून ठेवा. कोणती ओळ कोणी आणि कधी लिहिली याचा तो इतिहास हाच आपला पुरावा आहे. तो न्यायालयात दाखल करायचा झाल्यास भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ चे प्रमाणपत्र जोडावे लागेल. त्यानंतर कोडसोबत परवान्याची फाइल आहे का ते पाहा. त्याने सुरुवातीलाच जीपीएलसारखा मुक्त परवाना लावला असेल, तर त्याच्या अटी पाळून आपल्याला नव्या खात्यावर त्या कोडचे काम पुढे नेता येईल. परवाना नसेल, तर कोड सर्वांना पाहण्यासाठी खुला आहे एवढ्यावरून तो वापरण्याचा हक्क मिळत नाही आणि त्याची सही मिळवावीच लागेल. नवे खाते उघडाल तेव्हा निदान दोघांकडे तरी त्याच्या किल्ल्या असू द्या.

आपले नेमणूकपत्र आणि सोबतचा बौद्धिक संपदेचा करार एकदा नीट वाचा. नोकरीच्या ओघात केलेल्या कामाचा पहिला मालक नियोक्ता असतो, आणि अनेक आयटी कंपन्यांचे करार त्याहूनही रुंद असून नोकरीच्या काळात लिहिलेल्या कोणत्याही प्रोग्रॅमवर दावा सांगतात. कंपनीचा लॅपटॉप या कामासाठी वापरत असाल तर आजपासून थांबवा. करारातील कलम फारच व्यापक असल्यास मनुष्यबळ विभागाकडून या छंदासाठी लेखी ना-हरकत घ्या. आवाज देणाऱ्या मुलीने स्वतः केलेला करार मात्र, तिची इच्छा कितीही असली तरी, कायद्याने टिकणार नाही. १८ वर्षांखालील व्यक्तीचा करार मुळातच रद्द असतो हे तेव्हाचे सर्वोच्च अपील न्यायालय असलेल्या लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने १९०३ मध्ये मोहोरीबिबी खटल्यात ठरवले, ते आजही लागू आहे. परवान्यावर तिच्या आईची किंवा वडिलांची सही घ्या आणि ती सज्ञान झाल्यावर तिची स्वतःची घ्या.

देणग्या तूर्त नकोत. पैसा आला की छंद आणि व्यवसाय यांच्यातील सीमारेषा पुसट होते, आणि परदेशातून रक्कम आल्यास विदेशी अंशदानाच्या २०१० च्या कायद्याचा प्रश्नही उभा राहू शकतो. सर्व्हरचा खर्च आपसांत वाटून घ्या.

आता कंपनीविषयी. पैसे घेत नाही, म्हणून उल्लंघन होत नाही, हा समज सर्वत्र आहे आणि तो चुकीचा आहे. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५१ मधील उल्लंघनाच्या व्याख्येला नफ्याची अट नाही. कलम ५२ मधील न्याय्य वापराची सूट खासगी उपयोग, टीका-समीक्षा आणि वृत्तांकन यांच्यासाठी आहे. लोकांना वाटायच्या नव्या गेमला ती लागू पडेल असे मला वाटत नाही. याच कायद्याच्या कलम ६३ मध्ये जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला सहा महिने ते तीन वर्षांची कैद आहे आणि व्यापारी लाभ नसल्यास न्यायालय पुरेशी व विशेष कारणे नोंदवून ती कमी करू शकते. म्हणजे फुकट वाटण्याने शिक्षा कमी होऊ शकते, दोष जात नाही. परदेशी कृतींनाही कॉपीराइटविषयीच्या आंतरराष्ट्रीय बर्न करारामुळे आपल्याकडे संरक्षण आहे.

काय आपले आणि काय त्यांचे, हे मात्र बारकाईने तपासण्यासारखे आहे. कल्पना, विषय आणि कथेचा ढोबळ आराखडा यांच्यावर कोणाचाही कॉपीराइट नसतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आर. जी. आनंद खटल्यात स्पष्ट केले. त्यामुळे कोडी सोडवत राज्य पालथे घालणारी राजकन्या कोणीही रंगवू शकतो. परंतु वेगळेपणाने घडवलेल्या पात्राला स्वतंत्र संरक्षण मिळू शकते, हे तत्त्व मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये चुलबुल पांडेच्या प्रकरणात मान्य केले आहे. आपल्या नायिकेचे नाव, तिचा पोशाख आणि तिचा पूर्वेतिहास या रेषेच्या पलीकडे, म्हणजे कंपनीच्या बाजूला, पडतात. नावाला ट्रेडमार्कचेही संरक्षण असू शकते.

म्हणून प्रति-नोटीस पाठवू नका. डेमो अमेरिकेच्या १९९८ च्या डिजिटल मिलेनियम कॉपीराइट कायद्याखाली उतरवला गेला असेल, तर त्या प्रति-नोटिशीत ‘मजकूर चुकीने किंवा गैरसमजाने काढला गेला’ असे खोट्या साक्षीच्या शिक्षेची जोखीम पत्करून लिहावे लागते आणि अमेरिकी न्यायालयाचे अधिकारक्षेत्र मान्य करावे लागते. नायिका त्यांचीच असताना आपण ते विधान प्रामाणिकपणे करू शकत नाही.

त्याऐवजी दोन कामे एकाच वेळी सुरू करा. पहिले म्हणजे गेमचे दोन भाग करा : एकात आपले इंजिन (गेम चालवणारा मूळ प्रोग्रॅम), कोडी आणि आपण घडवलेली पात्रे, आणि दुसऱ्यात कंपनीकडून घेतलेले सर्व काही, जे कधीही काढून तेथे नवे बसवता येईल. ‘ओपनटीटीडी’ या गेमचे उदाहरण येथे उपयोगी आहे. २००४ मध्ये सुरू झालेल्या या स्वयंसेवी प्रकल्पाला आरंभी जुन्या ‘ट्रान्सपोर्ट टायकून डिलक्स’च्या मूळ फाइल लागत असत, स्वयंसेवकांनी चित्रे आणि आवाज नव्याने तयार केल्यावर ती गरज उरली नाही, आणि तो प्रकल्प आजही चालू आहे.

दुसरे म्हणजे कंपनीला परवानगी मागणारे पत्र लिहा. ते नम्र आणि एका पानाचे असावे : आपण कोण, काय केले, डेमो उतरवल्यावर वितरण थांबवले आहे, पैसे घेतलेले नाहीत व घेणार नाही, शीर्षकातून त्यांचे नाव काढण्याची आणि ‘मूळ कंपनीशी संबंध नाही’ असे पहिल्याच पडद्यावर लिहिण्याची तयारी आहे. होकाराची खात्री मी देऊ शकत नाही, पण तो मिळाल्याचे उदाहरण आहे. ‘किंग्ज क्वेस्ट’ या गेममालिकेचा पुढचा भाग चाहत्यांनी करायला घेतला तेव्हा २००५ मध्ये विवेंडी कंपनीने तो थांबवायला सांगितले. चाहत्यांनी पाठपुरावा केल्यावर त्याच वर्षी शीर्षक बदलण्याच्या अटीवर बिगरव्यापारी परवाना दिला आणि गेमचे नाव ‘द सिल्व्हर लायनिंग’ झाले. पुढे हक्क ॲक्टिव्हिजनकडे गेले आणि फेब्रुवारी २०१० मध्ये नव्या मालकाने काम पुन्हा बंद करायला लावले. त्याच वर्षी जूनमध्ये परवानगी परत मिळाली आणि जुलैमध्ये पहिला भाग प्रसिद्ध झाला.

मधल्या त्या चार महिन्यांसारखी वेळ आपल्यावर येऊ नये म्हणून आपल्या पत्रात एक विनंती आवर्जून घाला : दिलेली परवानगी हक्कांच्या पुढील मालकावरही बंधनकारक राहील आणि ती मागे घ्यायची झाल्यास नव्वद दिवसांची लेखी सूचना मिळेल. हे पत्र पाठवण्यापूर्वी सह्यांचे कागद आणि तो तक्ता पूर्ण करा, कारण कंपनीच्या वकिलांचा पहिला प्रश्न बहुधा आपल्या गेममधील प्रत्येक गोष्ट कोणाची आहे हाच असेल.