पुस्तकाला पाय लागला तेव्हा

आइंडहोवन, नेदरलँड्स, २० जुलै

लाडक्या सई,

काल फोनवर तुझा आवाज रडवेला होता. आजीच्या पलंगाखालून अर्धवट बाहेर आलेलं ‘श्यामची आई’ तुझ्या पायाखाली आलं आणि आजी स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, “अगं, आधी पाया पड त्याच्या!” तू पडलीस, आणि मग मला विचारलंस, “आई, पुस्तकाला लागतं का? आपल्या लायब्ररीत तर मुलं पुस्तकांच्या ढिगात पाय पसरून बसतात. तिथे कोणी नमस्कार करत नाही. आणि आजी म्हणते सुट्टीत काहीतरी चांगलं वाच. चांगलं म्हणजे कोणतं?” तेवढ्यात तिकडची वीज गेली आणि बोलणं अर्धवट राहिलं. म्हणून हे पत्र. जोडाक्षरं अडली तर आजीला विचार, पण वाच तूच.

पुस्तकाला लागत नाही, बाळा. पण आठवून बघ, मागच्या वर्षी रेल्वेत समोरच्या आजोबांना तुझा पाय लागला, तेव्हा मी न सांगता तू त्यांच्या गुडघ्याला हात लावून तो हात डोळ्यांशी नेलास. त्यांना काही लागलं नव्हतं. चुकून झालं, तुम्हाला कमी लेखायचं नव्हतं, एवढंच त्या नमस्कारात असतं. आपण पुस्तकाला माणसात धरतो. म्हणून माणसाला जे करतो तेच पुस्तकालाही.

मी तुझ्याएवढी होते तेव्हा आम्ही जुन्या नाशकात, तिवंध्याला वाड्यात राहायचो. दसऱ्याला तुझे आजोबा माझ्या पाटीवर सरस्वती काढायचे, तीसुद्धा नुसत्या एकाच्या आकड्यांची. एक उभा एक, त्याला टेकून आडवा एक, मग तिरपे एक, असं करत करत डोकं, हात, झालर सगळं उभं राहायचं. मी पेन्सिल धरायला उतावीळ असायचे आणि ते म्हणायचे, “थांब, अजून एक एक राहिलाय.” पाटीशेजारी शाळेची पुस्तकं मांडायची, त्यांवर हळदकुंकू आणि झेंडूच्या पाकळ्या. माझ्या गणिताच्या पुस्तकाच्या कव्हरवर त्या कुंकवाचा डाग वर्षभर असायचा. आजीला सांग, ती तुला तशी सरस्वती काढून दाखवेल. दसऱ्याची वाट बघायला नको.

एक मात्र मला लहानपणापासून खुपतं. माझ्या शाळेत गोष्टींच्या पुस्तकांचं काचेचं कपाट होतं आणि त्याला कायम कुलूप. पुस्तकं खराब होतील म्हणून. वर्षातून एकदा ते उघडून पूजा व्हायची आणि पुन्हा बंद. आम्ही काचेला नाक लावून पाठीवरची नावं वाचायचो. असा मान मला मान्य नाही. तुमच्या लायब्ररीतली ती पाय पसरून, पोटावर पुस्तक घेऊन लोळणारी मुलं मला मनापासून आवडतात. तू लोळत वाच, झोपून वाच. पाय लागला तर हात लाव आणि पुढचं पान उलट.

आता ज्या पुस्तकाला तुझा पाय लागला त्याबद्दल. ते लिहिलं गेलं तुझ्या आजीच्या गावातच. साने गुरुजी स्वातंत्र्याच्या लढ्यात पकडले गेले होते आणि १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात होते. फेब्रुवारी महिन्यात, दिवसा तुरुंगातलं काम आणि रात्री लिखाण असं करत त्यांनी पाच दिवसांत आपल्या आईच्या आठवणी लिहून काढल्या. आई केव्हाच गेलेली होती. पुस्तकात श्याम आपल्या मित्रांना एकेका रात्री एकेक आठवण सांगतो, अशा बेचाळीस रात्री आहेत. नाशिकरोडला जाताना मी तुला तुरुंगाची लांबच लांब भिंत दाखवली होती. तू विचारलं होतंस, आत कोण राहतं? मला तेव्हा हे सांगायला हवं होतं.

पण सई, हे पुस्तक तू सुट्टीत सलग वाचावंस असं मला वाटत नाही. आजीला वाईट वाटेल, तरी लिहिते. आपल्याकडे ते मुलांना औषधासारखं देतात, चांगली हो म्हणून. मग मुलं त्याला घाबरतात. त्यात दुःख खूप आहे, कर्ज आहे, आजारपण आहे. ते सगळं तुझं तुला कळेल तेव्हा वाच. आत्ता फक्त दोन रात्री वाच, त्याही आजीच्या मांडीवर डोकं ठेवून, तिच्या आवाजात. एक म्हणजे श्यामला पोहायला जायचं नसतं, तो लपून बसतो आणि आई त्याला शिंपटीने बाहेर काढून विहिरीवर पाठवते, ती. तुला तुझ्या पोहण्याच्या डिप्लोमाचा दिवस आठवतो ना? कपडे, बूट सगळं घालून पाण्यात उडी मारायची होती आणि तू माझा हात सोडत नव्हतीस. मी तुला मारलं नाही, श्यामच्या आईने मारलं. तिने बरोबर केलं का, यावर आजीशी भांड. आजीलाही त्यावर बोलायला आवडेल. दुसरी रात्र ‘मुकी फुले’. श्याम फुलं उमलायच्या आधीच कळ्या तोडून आणतो आणि आई त्याला काय म्हणते, ते वाच. तेवढं पुरे.

मग एकटीने वाचायला काय? कपाटाच्या खालच्या खणात, बाबांच्या बुटांच्या जुन्या खोक्यात, माझे फास्टर फेणे आहेत. तिथून सुरू कर. भा. रा. भागवतांनी लिहिलेला हा बनेश फेणे मूळचा पुण्याजवळच्या फुरसुंगीचा, किडकिडीत, सायकलवर सुसाट सुटणारा आणि जिथे जाईल तिथे संकटात सापडणारा. त्याच्या तोंडून “टॉक्” असा आवाज निघाला की समजायचं, आता काहीतरी घडणार. तू रोज सायकलने शाळेत जाणारी मुलगी, तुझं आणि त्याचं लगेच जमेल. शब्द अडला तर थांबू नकोस. मीही तेव्हा निम्मे शब्द अंदाजाने ओलांडून चोराच्या मागे धावायचे. सगळे अर्थ विचारत बसलीस तर चोर पळून जाईल.

सलग गोष्ट नको असेल त्या दिवशी ‘वाचू आनंदे’ उघड, कुठूनही. माधुरी पुरंदरे यांनी मराठीतल्या चांगल्या चांगल्या लेखनातले तुकडे निवडून, चित्रांसकट चार भागांत मांडलेत. दोन बालगटाचे, दोन कुमारगटाचे. आपल्या घरी पहिला भाग आहे. त्यांचीच ‘राधाचं घर’ची छोटी पुस्तकं ओजससाठी आणायची आहेत. तो पाच वर्षांचा आहे आणि त्याला घरातली माणसं चित्रात बघायला आवडतात. तू त्याला वाचून दाखवायचंस.

पाऊस लागून राहिला की विंदा करंदीकरांचं ‘एटू लोकांचा देश’ मोठ्याने म्हण. मोठ्यानेच. कविता मनात वाचली तर ती अर्धीच पोचते. आणि रात्री झोपताना जी. ए. कुलकर्ण्यांची ‘बखर बिम्मची’. बिम्म नावाचा लहानगा, त्याची बहीण बब्बी आणि त्यांचं स्वतःचं एक जग. त्यातली मराठी इतकी सुंदर आहे की मला अजून ती वाचताना हळू व्हावंसं वाटतं. मोठी माणसं तुला सांगतील की जी. ए. फार अवघड लेखक. हे पुस्तक तसं नाही.

आजीच्या पेटीत ‘किशोर’चे जुने अंकही आहेत. बालभारतीचं हे मासिक १९७१ पासून निघतंय. बरेचसे जुने अंक आता इंटरनेटवर फुकट वाचायला मिळतात, म्हणजे इकडे परत आल्यावरही तुला ते सापडतील. ‘एक होता कार्व्हर’ मात्र मी तुझ्यासाठी राखून ठेवलंय. वीणा गवाणकरांचं ते पुस्तक तू बारा-तेरा वर्षांची झालीस की आपण दोघी मिळून वाचू.

मामाला सांग, एक दिवस सार्वजनिक वाचनालयात ने. नाशिककर त्याला ‘सावाना’ म्हणतात. ते १८४० सालचं आहे! माझं पहिलं कार्ड तिथलं. पुस्तकाच्या शेवटच्या पानावर तारखांचा कागद चिकटवलेला असायचा आणि मी घरी येताना वाटेतच तो वाचायचे. माझ्या आधी हे पुस्तक कोणी कधी नेलं, किती दिवस ठेवलं. एका परीकथेच्या पुस्तकावर माझ्या जन्माच्या आधीची तारीख होती. ते वाचणारं मूल आता केवढं झालं असेल, असा विचार करत मी दहीपुलापर्यंत पोचले आणि पुस्तक पावसात भिजलं. आजोबांनी ते पान पान सुटं करून पंख्याखाली वाळवलं आणि मला बरोबर घेऊन जाऊन, सगळं खरं सांगून परत केलं.

वाचनालयातून येताना गंगेवर, म्हणजे आपल्या गोदावरीवर, जाऊन दुतोंड्या मारुतीला किती पाणी आलंय ते बघून या. लांबूनच. आणि फेब्रुवारीत आपण इथे मराठी दिन करतो, तो ज्यांच्या वाढदिवसाला, ते कुसुमाग्रज याच गावात राहिले. त्यांच्या नावाच्या प्रतिष्ठानाकडून ‘ग्रंथ तुमच्या दारी’ म्हणून पुस्तकांच्या पेट्या लोकांच्या घरापर्यंत जातात, परदेशातसुद्धा. इथल्या चार घरांनी मिळून तशी एक पेटी मागवावी असं माझ्या मनात आहे. तू आलीस की मुलांच्या पेटीत काय काय हवं, ते तू सांग.

आता राहिलं ते पायाखाली आलेलं पुस्तक. फोनवर तू म्हणालीस, कव्हर फाटलं. ते आधीचंच फाटकं आहे, तुझ्यामुळे नाही. आजीच्या शिलाई मशीनच्या खणात खाकी कागद आहे. पुस्तक कागदावर उघडं ठेव, चारही बाजूंनी चार बोटं जास्त सोडून काप. पाठीजवळ वर-खाली दोन छोटे छेद दे आणि ती पट्टी आत दुमड, नाहीतर कागद तिथेच फाटतो. मग बाजू आत मोडून कोपरे तिरपे दाब. चिकटपट्टी पुस्तकाला अजिबात लावायची नाही, ती काही वर्षांनी पिवळी होऊन पान खाते. जुनं कव्हर काढशील तेव्हा पहिल्या पानावर आजोबांचं अक्षर दिसेल. त्यांनी ते मला कधी दिलं, ती तारीख आहे खाली. त्याखाली जागा आहे. आजीकडून तुझं नाव आणि आजची तारीख लिहून घे, आणि शनिवारी फोनवर मला पोहण्याची ती रात्र कशी वाटली ते सांग.

ओजसला पापी, आजीला नमस्कार.

तुझी,
आई