जनुकांचा रिपोर्ट ‘धोका जास्त’ म्हणतो, आता काय करू?

प्रश्न : वय ४४. वडील आणि काका दोघेही विड्या ओढत, दोघांनाही सीओपीडी (श्वासमार्ग कायमचे अरुंद होऊन दम लागण्याचा फुप्फुसाचा आजार) झाला. मी रोज सहा-सात सिगारेटी ओढतो, सकाळी खोकला येतो. हौसेने जनुकचाचणी केली. ‘टीएनएफ-अल्फा ३०८, जीए, सूज वाढवणारा प्रकार, धोका जास्त’ असं आलंय. मलाही हा आजार होणारच का?

उत्तर : त्या एका ओळीवरून असं अजिबात म्हणता येत नाही. टीएनएफ-अल्फा हा शरीरात सूज चेतवणारा रेणू. त्याच्या जनुकाच्या नियंत्रक भागात ३०८व्या जागी बहुतेकांना डीएनएचं ‘जी’ हे अक्षर असतं, काहींना ‘ए’; तुमच्या ‘जीए’चा अर्थ एका प्रतीत ‘जी’, दुसरीत ‘ए’. १९९७मध्ये तैवानमधल्या क्रॉनिक ब्रॉन्कायटिसच्या (श्वासनलिकांची जुनाट सूज) रुग्णांत ‘ए’चं प्रमाण जास्त आढळलं. युरोपातल्या पुढच्या अनेक अभ्यासांत मात्र हा संबंध दिसला नाही. असे अभ्यास बरेचदा शे-दोनशे रुग्णांचे असतात, वंश वेगळे, कोणी किती वर्षं ओढली याचा हिशेब वेगळा. त्यात छोटा परिणाम हरवतो किंवा भासतो. अशा रिपोर्टवर ‘धोका जास्त’ छापणं आम्हाला चुकीचं वाटतं.

खरा वजनदार जनुकदोष एकच : अल्फा-१ अँटीट्रिप्सिन या प्रथिनाची कमतरता. आपल्या पांढऱ्या पेशी इलॅस्टेज हे विकर सोडतात, ते फुप्फुसाची लवचीक जाळी कुरतडतं. अँटीट्रिप्सिन त्याला आवर घालतं. सिगारेटचा धूर उरलंसुरलं प्रथिनही निकामी करतो. भारतात हा दोष विरळा आहे, पण घरात पंचेचाळिशीच्या आत एम्फिसीमा (फुप्फुसातले हवेचे फुगे फाटण्याचा आजार) किंवा कारण न सापडलेला यकृताचा आजार असेल, तर रक्तातली या प्रथिनाची पातळी एकदा तपासाच. ताप-सर्दीत तपासू नका. सूज असताना हे प्रथिन वाढतं आणि कमतरता झाकली जाते. सोबत सीआरपी (शरीरातली सूज दाखवणारी रक्तचाचणी) करून घेतलं की शंका राहत नाही.

तुमच्यासाठी सगळ्यात आधी स्पायरोमेट्री, म्हणजे फुंकर मारून फुप्फुसाची ताकद मोजणारी चाचणी. पूर्ण श्वास भरायचा, ओठ नळीभोवती घट्ट, मग एकदम जोरात फुंकून निदान सहा सेकंद सोडत राहायचं. सुरुवात ढिली झाली किंवा पहिल्याच सेकंदात खोकला आला, तर ती फुंकर बाद. तीन चांगल्या फुंकरी हव्यात, आणि त्यातल्या सर्वांत चांगल्या दोघींत १५० मिलिलिटरहून जास्त फरक नको. मग साल्ब्युटामॉल हे श्वासनलिका रुंदावणारं औषध ४०० मायक्रोग्रॅम स्पेसरमधून (पंपाला जोडायची नळी) घेऊन १५ मिनिटांनी पुन्हा. तेव्हाही पहिल्या सेकंदातली हवा एकूण हवेच्या ७० टक्क्यांहून कमी भरली आणि खोकला-दम असला, तर सीओपीडी धरतात. निकाल काहीही येवो, सिगारेट आजच सोडा. जनुक बदलता येत नाही, हे येतं.

प्रश्न : आईने कधी विडीला हात लावला नाही, तरी तिला सीओपीडी सांगितलाय. हे जनुकांमुळेच ना?

उत्तर : आधी चुलीचा विचार करा. लाकूड-गोवऱ्यांच्या धुरात वर्षानुवर्षं स्वयंपाक केलेल्या बायकांना हा आजार होतो. गॅस असूनही पाणी तापवायला चूल पेटत असेल, तर ती घराबाहेर, उघड्यावर न्या.