दुखणे खरे आहे, मग समुपदेशकाकडे का पाठवले?

“तपासण्या सुधारल्या, तरी माझे दुखणे थांबत नाही, म्हणून डॉक्टरांनी तुमच्याकडे पाठवले. म्हणजे हे सगळे माझ्या मनाचे खेळ आहेत, असेच ना?” ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, अर्थात आमवात असलेल्या एका महिलेने पहिल्याच भेटीत विचारलेला हा प्रश्न मी अनेकांकडून ऐकला आहे. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

तसे मुळीच नाही, हे मी त्यांना आधी सांगितले. या आजारात प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर हल्ला करते आणि त्या दाहात वाढणाऱ्या टीएनएफ-अल्फा, इंटरल्यूकिन-६ यांसारख्या दाह वाढवणाऱ्या प्रथिनांचा परिणाम मेंदूवरही होऊन थकवा येतो, झोप बिघडते, उत्साह ओसरतो. अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या २०१३ सालच्या संशोधनात सुमारे १७ टक्के रुग्णांमध्ये निदानाच्या निकषांत बसणारे नैराश्य आढळले होते.

त्यांच्याशी बोलताना लक्षात आले की, सकाळी तासभर बोटे वळत नसल्याने सदऱ्याची बटणेही दुसऱ्याने लावावी लागत, त्या लाजेने त्यांनी बाहेर जाणे सोडले होते आणि ‘उपयोग काय’ या विचाराने आमवात आटोक्यात ठेवण्यासाठी आठवड्यातून एकदा घ्यायची मेथोट्रेक्सेट या औषधाची गोळीही अधूनमधून चुकत होती. आजाराची तीव्रता मोजण्याच्या ‘डास-२८’ या पद्धतीत दुखऱ्या सांध्यांची संख्या आणि रुग्णाला स्वतःला कसे वाटते, हेही धरले जाते. त्यामुळे नैराश्याकडे दुर्लक्ष झाले, तर सूज कमी होऊनही हा आकडा चढाच राहून केवळ औषधे वाढत जाण्याची शक्यता असते. मात्र सूज न तपासता मनावर खापर फोडणे हाही रुग्णावर अन्यायच आहे, असे माझे ठाम मत आहे.

बरे वाटेल त्या दिवशी सगळी कामे उरकायची आणि मग अंथरूण धरायचे, ही त्यांची सवय बदलण्यावर आम्ही सर्वाधिक वेळ दिला. चुकणाऱ्या गोळ्यांविषयी त्यांच्या संमतीने डॉक्टरांना कळवले. नैराश्याच्या औषधाचा निर्णय मानसोपचारतज्ज्ञांवर सोपवला. मात्र अशी काही औषधे वेदनाशामकांसोबत घेतल्यास पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो, म्हणून चालू असलेली प्रत्येक गोळी मानसोपचारतज्ज्ञांना दाखवण्यास या महिलेला सांगितले.

जगणे नकोसे वाटते का, हेही मी पहिल्याच भेटीत स्पष्ट शब्दांत विचारले. तसे विचार येत असतील, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी घरच्यांना आणि डॉक्टरांना सांगावे.