वाचकांचे प्रश्न : जुने व्हिडिओ गेम आणि त्यांचा टीव्ही

प्रश्न : १९७७ साली आलेल्या अटारीच्या यंत्रात अवघी १२८ बाइट मेमरी होती, असे वाचले. एवढ्याशा जागेत खेळ चालत तरी कसे?

उत्तर : तुम्ही वाचलेला आकडा बरोबर आहे. १२८ बाइट म्हणजे इंग्रजी लिपीतली जेमतेम १२८ अक्षरे. मिळालेले गुण, शत्रूची जागा, उरलेले जीव, हे सगळे त्या यंत्राला तेवढ्यातच लक्षात ठेवावे लागे. खेळाचा प्रोग्राम कॅसेटमधल्या चिपवर असे आणि तोही सुरुवातीच्या काळात फार तर ४ किलोबाइटांचा. पण मेमरीपेक्षाही मोठी अडचण चित्राची होती. आजचा संगणक पडद्यावरचे पूर्ण चित्र आधी मेमरीत तयार करतो आणि मग दाखवतो. अटारी २६०० मध्ये असे चित्र ठेवायला जागाच नव्हती. जुन्या टीव्हीच्या पिक्चर ट्यूबमध्ये इलेक्ट्रॉनचा झोत डावीकडून उजवीकडे एकेक रेघ ओढत वरून खाली येतो, आणि यंत्रातली चित्राची चिप एका वेळी एकाच रेघेपुरती माहिती धरू शके. त्यामुळे झोत पडद्यावर फिरत असतानाच पुढच्या रेघेवर काय दिसायचे ते प्रोग्रामला सांगत राहावे लागे, आणि त्यासाठी दर रेघेमागे प्रोसेसरचे ७६ ठोके, म्हणजे त्याच्या घड्याळाच्या ७६ टिकटिकी, मिळत. एका साध्या सूचनेलाच किमान दोन ठोके लागतात, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या प्रोग्रामरांचा हिशोब किती काटेकोर असेल याची कल्पना येते.

१९७९ च्या ‘व्हिडिओ चेस’चे उदाहरण मुद्दाम देतो. बुद्धिबळाच्या पटावर एका ओळीत आठ मोहरी लागतात. या चिपला मात्र एका रेघेवर दोनच मुख्य आकृत्या आणि त्यांच्या प्रत्येकी जास्तीत जास्त तीन प्रती दाखवता येत, म्हणजे एकूण सहा. अटारीचे प्रोग्रामर बॉब व्हाइटहेड यांनी त्यावर तोड काढली ती अशी, की एका रेघेवर चार मोहरी काढायची आणि लगतच्या रेघेवर उरलेली चार. त्यामुळे प्रत्येक मोहरे आडव्या पट्ट्यांचे बनलेले दिसते, पण डोळ्यांना ते पूर्ण भासते. यंत्र आपली चाल ठरवू लागले, की पट नाहीसा होऊन पडद्यावर नुसते रंग बदलत राहतात, कारण चित्र काढणे आणि विचार करणे ही दोन्ही कामे त्या एकाच प्रोसेसरकडे आहेत. हा दोष आहे असे कोणी म्हणेल. मला मात्र यंत्र कसे चालते हे इतक्या उघडपणे दाखवणारा दुसरा खेळ ठाऊक नाही.

प्रश्न : निन्टेन्डोच्या जुन्या यंत्राची बंदूक नव्या टीव्हीवर अजिबात चालत नाही. बंदूक बिघडली असेल का?

उत्तर : बहुधा नाही. त्या बंदुकीतून काहीच सुटत नाही; उलट तिच्या नळीत प्रकाश ओळखणारा एक छोटा घटक असतो. चाप ओढताच पडदा क्षणभर काळा होतो आणि लगेच लक्ष्याच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. ठरल्या क्षणी बंदुकीला तो उजेड दिसला तर नेम लागला, असे यंत्र धरते. पिक्चर ट्यूबचा टीव्ही सिग्नल येताक्षणी दाखवतो, तर सपाट टीव्ही आधी चित्र साठवून मोठे करतो आणि मगच दाखवतो. तो पांढरा चौकोन उशिरा उमटतो आणि तोवर यंत्राची वाट पाहण्याची वेळ टळलेली असते. म्हणून ज्यांना हे खेळ जसे होते तसे खेळायचे आहेत, त्यांना मी एकच सांगतो : यंत्राबरोबर जुना टीव्हीही सांभाळा, कारण तो त्या यंत्राचाच अर्धा भाग आहे.

प्रश्न : कॅसेटमध्ये फुंकर मारली की खेळ सुरू होत असे. त्यामागे काही शास्त्र आहे का? आणि त्याच काळातल्या निन्टेन्डोच्या ‘झेल्डा’ या खेळाच्या कॅसेटमध्ये आता खेळ जतन होत नाही, तो का?

उत्तर : फुंकर मारण्यासाठी आपण कॅसेट बाहेर काढून पुन्हा बसवत होतो आणि गुण येई तो त्या पुन्हा बसवण्याचा, धातूच्या पट्ट्यांचा स्पर्श नव्याने नीट जुळे. फुंकरेतल्या ओलाव्याने उलट त्या पट्ट्या गंजतात. कापसाची काडी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित भिजवून पट्ट्या हलक्या हाताने पुसाव्यात आणि पूर्ण वाळू द्याव्यात.

दुसऱ्या प्रश्नाचे कारण बॅटरी. त्या कॅसेटमध्ये एक चपटी बॅटरी डाखलेली (सोल्डर केलेली) असते आणि यंत्र बंद असताना जतन केलेला खेळ तिच्याच जोरावर टिकतो. तुमच्या कॅसेटमधली बॅटरी संपलेली दिसते. डाखकाम येणाऱ्या माणसाकडून ती बदलून घ्या, म्हणजे कॅसेट पुन्हा खेळ जतन करू लागेल. पूर्वीचा खेळ परत मिळणार नाही. इतर कॅसेटमधली बॅटरी अजून जिवंत असेल, तर ती काढताक्षणी आतली माहिती पुसली जाते, म्हणून बदलण्यापूर्वी कॅसेटमधली माहिती वाचून संगणकावर उतरवणाऱ्या उपकरणाने तिची प्रत आधी करून ठेवा.