स्वालबार्डला व्हिसा लागत नाही, म्हणून…

प्रिय केतकी,

एम.एस्सी. झाली, पाषाणला प्रोजेक्टवर काम चालू आहे आणि ध्रुवीय हवामानात पीएचडी करायची आहे, एवढं पत्रावरून कळलं. बेतही कळला: स्वालबार्डला, म्हणजे नॉर्वेच्या उत्तरेकडच्या त्या आर्क्टिक बेटांना, व्हिसा लागत नाही, तर सरळ तिथल्या मुख्य गावी, लाँगइयरब्येनला येऊन राहायचं, मिळेल ते काम धरायचं आणि तिथूनच जागा शोधायची. बाबांना हे पटत नाहीये म्हणतेस. मलाही नाही पटत.

व्हिसा लागत नाही हे खरं. त्याच्या मुळाशी १९२० चा स्वालबार्ड करार आहे आणि त्यात तेव्हाचा ब्रिटिश हिंदुस्थानही होता. पण विमान नॉर्वेच्या मुख्य भूमीवरून जातं, आणि स्वालबार्ड शेंगेनच्या, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाच्या, बाहेर आहे. म्हणजे जाताना एकदा आणि परतताना पुन्हा एकदा नॉर्वेत शिरायला दोन प्रवेशांचा शेंगेन व्हिसा हवाच. त्याहून मोठी गोम अशी की तिथे काढलेली वर्षं नॉर्वेच्या कायम वास्तव्यासाठी धरत नाहीत. घरं बहुतेक नोकरी देणाऱ्यांच्या ताब्यात. स्वतःचा खर्च भागेनासा झाला तर प्रशासन बाहेर काढू शकतं. बाळंतपणालासुद्धा बायकांना आधीच मुख्य भूमीवर ट्रोम्सोला पाठवतात. यावरून बाकीच्या सोयींचा अंदाज कर.

म्हणून आधी जागा, मग देश. नॉर्वेत पीएचडी ही पगारी नोकरी असते: तीन वर्षं, शिकवण्याचं काम असेल तर चार. जाहिरात निघते, अर्ज करायचा, निवड झाली की राहण्याचा परवाना. जर्मनीत ब्रेमरहाफेनच्या आल्फ्रेड वेगेनर या ध्रुवीय संशोधन संस्थेतही पगार मिळतो, पण पीएचडीवाल्यांना बहुधा पूर्ण नाही. इथे नॉर्वेत दुसरी मास्टर्स करून मग बघू, असं कुणी सुचवलं तर थांब: २०२३ पासून युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना नॉर्वेत मास्टर्सला फी पडते, आणि ती चांगलीच जड आहे.

आता तुझा खरा प्रश्न, बाहेरून आलेल्याला या संशोधन गटांत कोण घेतं? काम दाखवणाऱ्याला घेतात. मोझॅक मोहीम तुला माहीत आहेच. २०१९ च्या शरदात ‘पोलारस्टर्न’ हे जर्मन संशोधन जहाज मुद्दाम आर्क्टिकच्या बर्फात गोठवून घेतलं आणि वर्षभर बर्फाबरोबर वाहू दिलं. वीस देशांचे लोक होते. त्यातला बहुतेक डेटा आज कुणालाही उघडा आहे. पुण्यात बसून त्यातला एक छोटा तुकडा घे, ढग किंवा बर्फावरची उष्णतेची देवाणघेवाण, आणि दोन नीट आकृत्या काढ. ‘मला ध्रुवांविषयी लहानपणापासून ओढ आहे’ असं लिहिलेल्या ईमेल ढिगाने येतात. आकृत्या जोडलेली क्वचित.

विषय निवडताना नकाशा बघ. आर्क्टिकचा निम्म्याहून जास्त किनारा रशियाचा आहे. २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला झाल्यावर युरोपातल्या बहुतेक संस्थांनी रशियन संस्थांबरोबरचं काम थांबवलं. सायबेरियातल्या कायम गोठलेल्या जमिनीवर कितीही उत्तम कल्पना असली, तरी तिथल्या मोजमापांवर उभी राहणारी पीएचडी सध्या पत्करू नकोस. उपग्रह, मॉडेल, समुद्री बर्फ, स्वालबार्डचे फ्योर्ड (डोंगरांमधल्या खोल खाड्या) यांत काम चालू राहतं.

आणि गंमत बघ. हिमाद्री, स्वालबार्डमधल्या नी-ओलेसुंदचं भारताचं संशोधन केंद्र, २००८ पासून आहे. तिथे जायचं तर प्रपोजल गोव्याच्या ध्रुवीय संशोधन केंद्राकडे जातं. डिसेंबर २०२३ मध्ये भारताने तिथे पहिल्यांदा हिवाळी तुकडी पाठवली, तिच्यात तुझ्या शेजारच्या आयआयटीएमचा, म्हणजे पुण्याच्या हवामान संशोधन संस्थेचाही माणूस होता. बर्फावर पाय ठेवणं एवढीच इच्छा असेल तर पाषाणहून तुझा रस्ता माझ्यापेक्षा जवळचा आहे! तिथे रेडिओ दुर्बिणींसाठी वायफाय, ब्लूटूथ बंद ठेवावं लागतं, वस्तीबाहेर अस्वलांमुळे बंदूक न्यावी लागते. आणि एवढं करून मोहीम संपली की उरलेलं वर्ष स्क्रीनसमोरच जातं, पुण्यात काय आणि ट्रोम्सोत काय.

अंधाराची आईला फार काळजी दिसते. ट्रोम्सोत नोव्हेंबरअखेर ते जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य उगवत नाही, पण दुपारी निळसर उजेड असतो. लाँगइयरब्येनला ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत सूर्य नाही, आणि ऐन हिवाळ्यात दुपारीही काळोखच. मला स्वतःला उन्हाळा जास्त छळतो. रात्रच होत नाही, झोप उडते. जाड पडदे लागतात. थंडीचे कपडे पुण्यातून घेऊ नकोस, इथे बरे मिळतात आणि फील्डचे संस्थाच देते.

बाबांना सांग, प्रोजेक्ट इतक्यात सोडत नाहीये. विषयाचा एक परिच्छेद आणि त्या आकृत्या मला पाठव, कुणाला लिहायचं ते मग ठरवू.

तुझी,
मीराताई